विरोधी वकिलाने वाचायचा अहवाल

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतले एक मशीन शॉपचे मालक आणि पुण्यात कॉम्प्युटर फॉरेन्सिकचं काम करणारी त्यांची भाची, अशी दोन माणसं या लेखात बोलतात. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्यापुढचा पेच मात्र भोसरीपासून सातपूरपर्यंत कुठल्याही कारखान्यात आज उभा राहू शकतो. डिझाइन विभागातला इंजिनिअर नोकरी सोडून गेला. काही दिवसांतच त्याच्या नव्या मालकाने मामांच्या जुन्या गिऱ्हाइकाला अगदी तसंच पंप हाउसिंग, तेवढ्याच टॉलरन्समध्ये, कमी भावात देऊ केलं. इंजिनिअरला कंपनीने दिलेला लॅपटॉप कपाटात आहे. तो तपासायला कुणाच्या हाती द्यायचा, एवढाच प्रश्न. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगतो. पण मामांच्या हरकती पोकळ नाहीत, आणि काही ठिकाणी भाचीला माघार घ्यावी लागली आहे.

मामा : मी चौकशी केली. एकजण म्हणतो, चोवीस तासांत अहवाल देतो. दुसरा म्हणतो, डिलीट केलेलं शंभर टक्के परत आणून देतो. तिसरा तर म्हणाला, त्या पोराचं व्हॉट्सअ‍ॅप आणि जीमेलसुद्धा काढून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही. आणि एका बाईंनी उलट मलाच प्रश्नांची यादी पाठवली. पैसे मी मोजायचे आणि परीक्षाही मीच द्यायची?

भाची : त्या बाईंशी पुढचं बोला.

मामा : एवढ्यात ठरवलंस?

भाची : बाकीच्या तिघांनी लॅपटॉप न बघताच निकाल सांगितला. दुसऱ्याचंच घ्या. त्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे त्याने विचारलं का? एसएसडीवरची फाइल डिलीट केली की विंडोज डिस्कला ट्रिम नावाची आज्ञा देते, आणि ती जागा डिस्क स्वतःच पुसून मोकळी करते. कधीकधी काही मिनिटांत. तसं पुसलं गेलेलं कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. असं असताना शंभर टक्क्यांची हमी देणारा एकतर अडाणी असतो, नाहीतर खोटं बोलत असतो. आणि तिसरा माणूस तुम्हाला पोलीस ठाण्याच्या दारात नेऊन सोडेल.

मामा : ते कसं? लॅपटॉप माझा, बिल कंपनीच्या नावावर. त्यात काय आहे ते बघायचा हक्क मला नाही?

भाची : लॅपटॉप तुमचा, त्यातली ड्रॉइंगं तुमची. त्याचं खाजगी जीमेल मात्र गूगलच्या सर्व्हरवर आहे आणि ते त्याचं आहे. ब्राउझरमध्ये लॉगिन चुकून उघडं राहिलं असलं तरी आत शिरायची परवानगी त्याने तुम्हाला दिलेली नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 आणि 66 कलमांखाली येतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2018 साली मोबाइलचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती, आठवतं? अशांच्या वहीत गिऱ्हाइकांचीही नावं असतात.

मामा : पण मग या धंद्याला लायसन वगैरे काही असेल ना? ते बघून निवडू.

भाची : नाही. खाजगी गुप्तहेर संस्थांचं नियमन करणारं विधेयक 2007 साली राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झालाच नाही. उद्या कुणीही फलक लावू शकतो. म्हणून तर पारख तुम्हालाच करावी लागते.

मामा : एकजण सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या यादीत असल्याचं सांगत होता.

भाची : ती यादी माहिती सुरक्षेचं ऑडिट करणाऱ्यांची आहे. तुमच्या नेटवर्कला कुठे भोकं आहेत हे शोधणारा माणूस उत्तम असू शकतो, आणि तरीही त्याने आयुष्यात एकदाही साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून डिस्कची प्रत कशी घेतली हे सांगितलेलं नसेल. दोन्ही वेगळी कामं आहेत.

मामा : बरं. माझी खरी गोष्ट सांगतो. आमचा कॉम्प्युटरवाला आहे की. कैक वर्षं येतोय, घरातला माणूस. त्याने परवाच लॅपटॉप चालू करून दुपारभर बघितलं. एक फोल्डर पेनड्राइव्हवर काढूनही दिलं. एक रुपया घेतला नाही. तुमचे हे तज्ज्ञ याहून वेगळं काय करणार?

भाची : त्या दुपारी काय झालं ते ऐका. लॅपटॉप चालू होताच विंडोजने शेकडो फाइलींवर नव्या नोंदी केल्या. अपडेट आले असतील तर त्यांनी आणखी जागा व्यापली, आणि मोकळ्या जागेत काही जुनं शिल्लक असलंच तर त्यावर नवं लिहिलं गेलं. त्याने पेनड्राइव्ह लावला, त्याचा मेक आणि सीरियल नंबर रजिस्ट्रीत उतरला. त्याने जी फाइल उघडून बघितली तिच्या शॉर्टकटची नोंद त्याच दिवसाची झाली. आता समोरचा वकील उभा राहून विचारेल : माझ्या अशिलाने लॅपटॉप परत केला त्यानंतर काही दिवसांनी त्यात एक पेनड्राइव्ह लागला आणि ड्रॉइंगं उघडली गेली, ती कुणी उघडली? तुमच्याकडे उत्तर आहे, पण ते देण्यासाठी तुमच्या घरातल्या माणसाला साक्षीला उभं राहावं लागेल.

मामा : म्हणजे सगळं वायाच गेलं म्हण की.

भाची : नाही. त्याने कधी चालू केला, काय काय उघडलं, कुठला पेनड्राइव्ह लावला, हे त्याच्याच हाताने आजच लिहून घ्या. तो पेनड्राइव्ह पाकिटात घालून, पाकिटावर सही-तारीख करून ठेवा. जे झालं ते झालं म्हणून नोंदवलं की त्याचा डाग राहत नाही. लपवलं तर राहतो.

इथे थोडं थांबून व्यवहाराचं सांगतो, कारण तज्ज्ञ निवडण्याआधीचे काही तास मालकाच्याच हातात असतात. संशयित संगणक बंद असेल तर बंदच ठेवावा. चालू असेल तर घाईने बंद करू नये, कारण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची चावी चालू मेमरीत असते आणि वीज गेली की ती जाते. नेटवर्कची वायर काढावी, स्क्रीनचा फोटो घ्यावा, जाणत्या माणसाला बोलवावं. आणि प्रकरण ड्रॉइंगचं नसून खात्यातून पैसे गेल्याचं असेल, तर फॉरेन्सिकवाला शोधत बसूच नये. आधी 1930 हा हेल्पलाइन क्रमांक फिरवावा. तिथे पहिल्या काही तासांत पैसा वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, तपासणी नंतर होत राहते.

मामा : त्या बाई करणार काय पण? म्हणजे मी पैसे कशाचे देतोय?

भाची : पहिलं काम, लॅपटॉपची हुबेहूब प्रत. फाइली कॉपी करणं वेगळं आणि ही प्रत वेगळी. डिस्कवरचा बिट न् बिट, मोकळी दिसणारी जागासुद्धा, जशीच्या तशी उतरवायची. मध्ये राइट ब्लॉकर नावाचं यंत्र लावतात. ते डिस्कवरून वाचू देतं, डिस्कवर लिहू देत नाही. मग मूळ डिस्कची आणि प्रतीची हॅश काढतात. एसएचए-256 पद्धतीने काढली तर ती 64 अक्षर-अंकांची एक ओळ असते. लाखो ड्रॉइंगांच्या डिस्कमध्ये एका ठिपक्याचा फरक पडला तरी ती ओळ पार बदलते. मूळ डिस्क सीलबंद, सगळं काम प्रतीवर. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही आत काही घुसवलंत, तर त्याने स्वतः हॅश काढून बघावी.

मामा : आणि ही डिस्क त्यांच्याकडे कुणी बदलली तर?

भाची : तुमच्याकडे कास्टिंग येतं त्यावर हीट नंबर असतो ना? कुठल्या भट्टीच्या कुठल्या ओतीतलं हे कळावं म्हणून. तसाच इथे ताब्याचा कागद असतो. कुणी दिली, कुणी घेतली, किती वाजता, सीलचा नंबर काय, कपाट कुठलं. एका ठिकाणीही सही नसेल तर तो माल रिजेक्ट.

मामा : हे पटलं. पण मला एक सांग, कोर्टात जायचंच नसेल तर हा सगळा सोहळा कशाला?

भाचीचं उत्तर देण्याआधी जालन्याची गोष्ट सांगायला हवी. संगणकीय पुराव्याचा विषय निघाला की देशभरातले वकील आजही त्या निकालाचं नाव घेतात, आणि तो आपल्या मराठवाड्यातून गेलेला आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं, की खोतकरांचे अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण हा त्यांचा मुख्य पुरावा होता. सरकारी चित्रीकरण, सरकारी कार्यालय, सरकारने दिलेल्या सीडी. तरीही अडलं, कारण पुरावा कायद्याच्या 65-ब कलमाप्रमाणे लागणारा दाखला सोबत नव्हता, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी तो दिला नव्हता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नसेल तर दाखला सक्तीचा आहे. तो देणारा अडवत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवावा. गोरंट्याल यांनी हाती होतं ते सगळं केलं होतं, शिवाय खुद्द अधिकाऱ्यांची साक्ष होती, म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल टिकला.

चित्र डोळ्यांसमोर असताना कागदासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आता तर तो कागद अधिक कडक झाला आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या 63 व्या कलमाच्या दाखल्याला दोन भाग आहेत. पहिला भाग संगणक ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहायची जागा आहे. म्हणजे ज्याला आपण काम देतो त्याची सही पुढे न्यायालयापर्यंत आपल्याबरोबर चालत राहणार आहे. तज्ज्ञ कुणाला म्हणायचं याची व्याख्या त्या कलमात दिलेली नाही, तेव्हा नेमणुकीच्या आधीच आपल्या वकिलाला विचारलेलं बरं. दाखल्याच्या नमुन्यात हॅशच्या एमडी5 आणि एसएचए-1 या जुन्या पद्धतींचीही नावं आहेत. एमडी5 चा कमकुवतपणा 2004 साली आणि एसएचए-1 चा 2017 साली प्रत्यक्ष करून दाखवला गेला असल्यामुळे एसएचए-256 चा आग्रह धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मामांच्या प्रश्नाकडे.

मामा : मला खटला नकोय. निकाल लागेपर्यंत ते पंप हाउसिंगच बंद होईल. मला फक्त कळायला हवं, त्याने नेलं की नाही. नेलं असेल तर त्याला समोर बसवीन, त्याच्या नव्या मालकाला फोन लावीन, विषय मिटवीन. शिरोलीत असेच विषय मिटतात. त्यासाठी सील, हॅश, दाखला कशाला? तुमच्या पुण्यातले लोक साध्या सर्दीला ऑपरेशन सांगतात.

भाची : तुम्ही त्याला समोर बसवून काय म्हणणार?

मामा : की माझ्याकडे पुरावा आहे.

भाची : तो म्हणाला, दाखवा?

मामा : दाखवीन.

भाची : तो त्याच्या वकिलाकडे जाईल. वकील विचारेल, हे कुणी काढलं, कसं काढलं. मिटवामिटवीसुद्धा त्याच कागदाच्या जोरावर होते, मामा. ज्याचा कागद कोर्टात टिकेल असं समोरच्याला वाटतं, त्याच्याशीच तो तडजोड करतो. आणि आज तुम्हाला खटला नको असला तरी त्यांनी तुमच्यावर बदनामीचा दावा लावला तर? तेव्हा प्रत घ्यायला गेलात तर डिस्क वर्षभर वापरून झालेली असेल.

मामा : हे तू मला घाबरवतेस.

भाची : थोडं. पण एक कबूल करते. पूर्ण तपासणीची गरज दरवेळी नसते. आज फक्त प्रत घेऊन, हॅश काढून, सील करून ठेवता येते. त्याला खर्च कमी, वेळ कमी. तपासणी करायची की नाही हे पुढच्या महिन्यात ठरवा. जो सेवा देणारा हा मधला पर्याय तुम्हाला स्वतःहून सांगत नाही आणि थेट मोठं पॅकेज पुढे करतो, त्याला सोडा.

मामा : हां, हे आधी का नाही बोललीस?

भाची : आमच्या लोकांना सगळंच करायची सवय असते. तिथे तुमचं बरोबर आहे.

मामांची भूमिका मला समजते. लहान उद्योजकाला सत्य हवं असतं ते धंदा पुढे नेण्यासाठी. पण अर्धवट तपासणीचा वार ज्याच्यावर बसतो तो माणूस या बोलण्यात हजर नाही. त्याच्यासाठी मला अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं नॉर्विचचं एक प्रकरण सांगावंसं वाटतं. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शाळेत एका बदली शिक्षिकेच्या वर्गातल्या संगणकावर अश्लील चित्रं एकामागून एक उघडत गेली, मुलांनी ती पाहिली. खटला झाला. जानेवारी 2007 मध्ये ज्युरीने तिला दोषी धरलं, आणि त्या आरोपांना चाळीस वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. तपास करणाऱ्याने त्या संगणकात मालवेअर आहे का हे पाहिलंच नव्हतं. संगणक विंडोज 98 चा, त्यावरची सुरक्षा कालबाह्य. बाहेरच्या तज्ज्ञांनी आपणहून वेळ देऊन डिस्कची प्रत तपासली, तेव्हा आत बसलेली अ‍ॅडवेअर सापडली. जून 2007 मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. तरीही तिची सुटका पूर्ण झाली नाही. 2008 मध्ये किरकोळ गुन्ह्याची कबुली, शंभर डॉलर दंड आणि शिकवण्याचा परवाना परत करणं, यावर ते संपलं. एका माणसाने एक प्रश्न विचारला नाही, आणि एका बाईचं शिकवणं गेलं.

हे वाचल्यापासून कुठल्याही तपासणाऱ्याला विचारायचा माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : माझा संशय चुकीचा आहे असं दाखवणारं तुम्ही काय काय शोधणार? या प्रश्नावर जो गोंधळतो, त्याला मी माझा संगणक देणार नाही.

मामा : बरं, मग त्या लॅपटॉपमधून नक्की काय निघेल ते तरी सांग.

भाची : कुठले पेनड्राइव्ह कधी पहिल्यांदा आणि कधी शेवटचे लागले, हे बहुतेक निघेल. पेनड्राइव्हवरची एखादी फाइल तिथूनच उघडली असेल तर तिचं नाव, मार्ग आणि त्या पेनड्राइव्हचा क्रमांक शॉर्टकटच्या नोंदीत मिळू शकतो. ब्राउझरमधून कुठल्या क्लाउडवर गेला ते मिळू शकतं. पुसण्याचं सॉफ्टवेअर चालवलं असेल तर त्याची चाहूल लागते.

मामा : आणि ड्रॉइंग कॉपी केली, ते?

भाची : फाइल कॉपी झाल्याची नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही.

मामा : काय सांगतेस! मग सगळा खर्च कशासाठी?

भाची : तो पेनड्राइव्ह उद्या हाती आला तर त्यावरच्या फाइलीचा तयार झाल्याचा वेळ हा शेवटच्या बदलाच्या वेळेनंतरचा दिसतो. ती कॉपी झाल्याची खूण असते. तो हाती नसेल तर अहवाल एवढंच सांगेल की राजीनाम्याच्या आदल्या रात्री या क्रमांकाचा पेनड्राइव्ह लागला, त्याच अर्ध्या तासात ही ड्रॉइंगं उघडली गेली, आणि त्यावरून कॉपी झाल्याची शक्यता दिसते. कीबोर्डवर बोटं कुणाची होती, हे लॅपटॉप सांगत नाही. त्यासाठी गेटचं रजिस्टर, हजेरी, सीसीटीव्ही जोडावं लागतं.

मामा : म्हणजे एवढं करून शक्यताच?

भाची : हो. आणि जो ‘याच माणसाने चोरलं’ असं छातीठोक लिहून देतो, त्याची उलटतपासणी दहा मिनिटं टिकत नाही. अहवालाचा नमुना मागा, नावं काढून टाकलेला. त्यात दिसलेली गोष्ट आणि काढलेला अर्थ वेगळे लिहिलेत का बघा. काय सापडलं नाही, कुठली साधनं वापरली, त्यांची आवृत्ती कुठली, हे आहे का बघा. तुम्हाला वाचून समजतं का, हेही बघा. तुमची एक तक्रार मला मान्य आहे, आमचे अर्धे अहवाल माणसाने वाचायचे नसतातच.

मामा : साधनं म्हणजे सॉफ्टवेअर ना? महागडं सॉफ्टवेअर असलं की झालं.

भाची : 2011 मध्ये फ्लोरिडात एका लहान मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. सरकारी पक्षाने सांगितलं, घरच्या संगणकावर क्लोरोफॉर्मबद्दलचं पान 84 वेळा उघडलं गेलं. एका सॉफ्टवेअरने तसं दाखवलं होतं. दुसऱ्याने दाखवलं, एकदाच. पहिलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाच खटला चालू असताना चूक कळली, 84 हा आकडा वेगळ्याच संकेतस्थळाच्या ओळीतला होता. म्हणून विचारायचं, महत्त्वाची नोंद तुम्ही दुसऱ्या साधनाने पडताळता का? आणि मूळ डेटात जाऊन डोळ्यांनी बघता का?

मामा : आमच्याकडे प्लग गेज, मायक्रोमीटर ठरल्या वेळी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेट होऊन येतात. गिऱ्हाईक ऑडिटला आलं की पहिला तोच कागद मागतं.

भाची : मग तुम्हाला सगळं येतंय! एनएबीएल ज्या आयएसओ 17025 मानकावर तुमची कॅलिब्रेशनची प्रयोगशाळा मान्य करतं, तेच मानक फॉरेन्सिक प्रयोगशाळांनाही लागतं. मान्यता असेल तर तिची व्याप्ती वाचा. डिजिटल तपासणी त्यात आहे की भलतंच काही आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. छोट्या संस्थांकडे मान्यता नसते आणि तरी काम चोख असतं, हेही खरं. तेव्हा माणूस बघावा लागतो. डिस्कला हात कोण लावणार, त्याचं नाव करारात लिहून घ्या. विकताना मोठे साहेब येतात आणि काम तिसऱ्याच संस्थेकडे जातं, असं होतं.

मामा : आणि माझी ड्रॉइंगं त्यांच्याच संगणकावर जाणार. चोर शोधायला दुसऱ्याला सगळं घर उघडून द्यायचं.

भाची : हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात. प्रत कुठे राहणार, एनक्रिप्ट करून की तशीच? कुठल्या परक्या क्लाउडवर चढवणार का? काम संपल्यावर परत देणार की पुसणार, आणि पुसल्याचं लेखी देणार? तुमच्या स्पर्धकाचं काम ते करतात का? आणि त्या पोराच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या मुलांचे फोटो, त्याच्या आईचे दवाखान्याचे कागद असतील. ते कोण बघणार? चांगला तपासणारा आधीच शोधशब्द आणि तारखा ठरवून घेतो, आणि त्या चौकटीबाहेरचं उघडत नाही.

मामा : त्याची एवढी काळजी आपण का करायची?

भाची : कारण तुम्हाला ड्रॉइंगं हवी आहेत, त्याचा संसार नको आहे. त्याच्या नेमणूकपत्रात, कंपनीचा लॅपटॉप तपासला जाऊ शकतो, असं वाक्य आहे का?

मामा : नसणार. ते कुणाच्याच पत्रात नाही.

भाची : मग बाकीच्यांच्या पत्रात आता घाला.

मामा : पोलिसांत गेलो तर हे सगळं फुकट होईल ना?

भाची : तक्रार द्या, जरूर द्या. लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जाईल, कलिनाच्या किंवा विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासला जाईल. तिथे तुमच्या आधी खून आणि लहान मुलांवरचे अत्याचार रांगेत असतात, आणि असायलाच हवेत. फक्त लॅपटॉप देण्याआधी तुमची एक प्रत करून ठेवा. प्रतीचं मोल केवढं ते भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं. आरोपींच्या वतीने आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने जप्त संगणकाची प्रत तपासली, आणि कागद बाहेरून आत घातले गेले असा निष्कर्ष 2021 मध्ये मांडला. तपास यंत्रणेने तो मानला नाही. कोण बरोबर ते न्यायालय बघेल. पण दुसऱ्या बाजूला स्वतः बघता आलं, ते प्रत होती म्हणून.

मामा : एक शेवटचं. त्या बाईंना मी म्हणालो, सापडलं तर जास्त देतो, नाही सापडलं तर निम्मे. त्यांनी सरळ नकार दिला.

भाची : त्याच एका गोष्टीवर मी त्यांना काम दिलं असतं. सापडण्यावर फी ठरली की सापडवलं जातं. टप्प्याटप्प्याने फी ठरवा : प्रत, प्राथमिक पाहणी, पूर्ण तपासणी, साक्षीसाठी हजेरी. साक्षीचे पैसे आत्ताच लिहून घ्या, नंतर तिथेच वाद होतो. आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबायचा अधिकार तुमचा.

मामा : आणि त्याने काही नेलंच नसेल तर?

भाची : तर त्या तसं लिहून देतील. बिल तेवढंच येईल.

मामा : त्याचा शेवटचा पगार मी अडवून ठेवलाय. रिलीव्हिंग लेटरही.

भाची : तो सोडा, मामा. आजच. तपासणी आणि पगार यांचा संबंध लावलात की तुमचा अहवाल कितीही चोख असला तरी समोरचा वकील आधी त्या पगारावर बोट ठेवेल. म्हणेल, आधी शिक्षा ठरवली आणि मग पुरावा शोधायला निघाले.

मामा : हातातला धागा सोडला तर तो फोन उचलायचा नाही.

भाची : नको उचलू दे.

मामा : लॅपटॉपचं तुझं सगळं ऐकलं. पगाराचं मी वकिलांशी बोलून ठरवीन.